रोव्हिओचे ५१ गेम खरंच ‘पडले’ होते का?

प्रश्न असा आहे: ‘फिनलंडच्या रोव्हिओ कंपनीने ५१ गेम काढले, सगळे आपटले, कंपनी बुडायला आली आणि ५२वा गेम अँग्री बर्ड्स निघाला, असं सगळीकडे वाचायला मिळतं. आम्ही चौघं मिळून मोबाइल गेमचा लहान स्टुडिओ चालवतो. यात आमच्या उपयोगाचं काही आहे, की ही नुसती चिकाटीची गोष्ट?’

आकडा खरा आहे, त्याचा अर्थ मात्र चुकीचा लावला जातो. त्या ५१ गेमपैकी बरेचसे दुसऱ्यांसाठी मजुरीवर केलेले होते. ते पडले की चालले, याचा रोव्हिओच्या गल्ल्याशी फारसा संबंधच नव्हता. काम पोचतं झालं की ठरलेले पैसे मिळत आणि विक्रीची मलई दुसरीकडे जाई. म्हणून ‘५१ वेळा हरले तरी सोडलं नाही’ यापेक्षा ‘सहा वर्षं दुसऱ्याच्या दुकानासाठी माल बनवला आणि नवं दुकान उघडताच स्वतःचा माल मांडला’ असं म्हणणं जास्त बरोबर. तुमच्यासारख्या चौघांना उपयोगी पडेल तो हा दुसरा हिशोब, म्हणून तोच जरा सविस्तर मांडतो.

सुरुवात २००३ची. निक्लास हेड, यार्नो व्हॅकेव्हाइनेन आणि किम डिकर्ट हे हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाचे तीन विद्यार्थी. नोकिया आणि एचपी यांनी पुरस्कृत केलेल्या मोबाइल गेमच्या स्पर्धेत त्यांचा ‘किंग ऑफ द कॅबेज वर्ल्ड’ हा गेम जिंकला. तिघांनी रेल्यूड नावाची कंपनी काढली आणि तो गेम सुमेया या फिनिश कंपनीला विकला. तिने तो ‘मोल वॉर’ नावाने बाजारात आणला. सुमेया हे नाव लक्षात ठेवा, ते पुढे परत येणार आहे. २००५च्या सुरुवातीला बाहेरची गुंतवणूक आली आणि कंपनीचं नाव रोव्हिओ मोबाइल झालं. फिनिश भाषेत रोव्हिओ म्हणजे मोठी शेकोटी, आपल्या होळीसारखी रचलेली.

आता त्या काळातलं पोटापाण्याचं काम कसं चालायचं ते पाहू, कारण घोडं तिथेच पेंड खात होतं.

२००३ ते २००८ या काळातला मोबाइल गेम म्हणजे बहुतेक करून जावा एमईमधली (साध्या फोनसाठीच्या जावा भाषेतली) एक जार फाइल, म्हणजे सगळा गेम एकत्र बांधलेलं गाठोडं. नोकियाच्या सुरुवातीच्या सीरिज ४० फोनवर तिची मर्यादा ६४ केबी होती. गेम, चित्रं, आवाज, सगळं त्यात बसवायचं. इथे एक हिशोब करून बघण्यासारखा आहे. प्रत्येक पीएनजी चित्राला, आत एकही पिक्सेल नसला तरी, ५७ बाइट लागतात: ओळख ८, मथळा २५, डेटाचं वेष्टन १२, शेवटची खूण १२. सोळा रंगांची यादी जोडली की आणखी ६०. जार म्हणजे झिपच, त्यामुळे दर फाइलमागे तिथे ७६ बाइट जातात, शिवाय फाइलचं नाव दोनदा लिहिलं जातं. नाव दहा अक्षरी धरलं तर एका चित्रामागे २१३ बाइट नुसते कागदपत्रांचे. साठ सुटी चित्रं ठेवलीत की साडेबारा केबी हवेत गेले, म्हणजे जागेचा पाचवा हिस्सा. म्हणून सगळी चित्रं एकाच पट्टीत चिकटवून कोडमधून कापून घ्यायची पद्धत पडली. क्लासचंही, म्हणजे जावा कोडचे जे सुटे तुकडे असतात त्यांचंही तेच. प्रत्येक क्लास फाइल स्वतःचं स्थिरांकांचं कोष्टक घेऊन येते, म्हणून अख्खा गेम दोन-तीन क्लासमध्ये कोंबायचा आणि वर प्रोगार्ड हे कोड आटवणारं साधन चालवून नावं एकाक्षरी करून घ्यायची. वाचायला भयंकर कोड व्हायचा, पण फोनमध्ये बसायचा.

एवढं करून गेम एका फोनवर चालला. मग पोर्टिंग, म्हणजे तोच गेम दुसऱ्या प्रत्येक फोनवर चालेल असा करून घेणं. पडदा कुठे १२८×१२८, कुठे १२८×१६०, कुठे १७६×२०८, कुठे २४०×३२०. पडद्याखालचं डावं-उजवं सॉफ्ट बटण दाबलं की नोकिया उणे ६ आणि उणे ७ असे आकडे पाठवायचा, मोटोरोलाचे अनेक फोन उणे २१ आणि उणे २२. एका फोनवर आवाज सुरू करताना चित्र अडखळायचं, दुसऱ्यावर फोन कॉल येऊन गेला की गेम परत रंगतच नसे. भाषा वाढल्या की प्रती तितक्या पटीत वाढायच्या. एका गेमचे शेकडो जार निघणं ही या धंद्यात रोजची बाब होती, आणि लहान स्टुडिओची निम्मीअधिक माणसं नवा गेम बनवण्याऐवजी यातच अडकून पडत.

विक्री फोन कंपन्यांच्या पोर्टलवर. यादीत वर कोण दिसणार ते तिथला खातेप्रमुख ठरवणार. खेळणाऱ्याच्या खिशातून निघालेल्या पैशातून आधी फोन कंपनी, मग मधला वितरक, मग प्रकाशक आपला वाटा काढणार आणि उरलेलं स्टुडिओला. ओळखीचं नाव असलेला गेमच यादीत वर चढायचा, म्हणून मोठ्या प्रकाशकांची मजुरी घेणं भाग होतं. रोव्हिओने इलेक्ट्रॉनिक आर्ट्स आणि नामकोसारख्यांची कामं केली. नोकियासाठी केलेला २००८चा ‘बाऊन्स टेल्स’ तर तुमच्यापैकी अनेकांनी खेळलेला असेल. नोकियाच्या फोनमध्ये आधीच भरून येणारा, लाल चेंडूचा तो गेम. कोट्यवधी हातांत पोचला आणि खेळणाऱ्यांपैकी क्वचितच कुणाला रोव्हिओ हे नाव माहीत झालं. याला अपयश म्हणता येत नाही, पण मालकीही म्हणता येत नाही.

मजुरीचं काम घेऊ नका असा याचा अर्थ काढू नका. चार जणांचे पगार त्यावरच निघतात. फक्त करारात तीन गोष्टी लिहून घ्या. एक, तुम्ही आधीपासून वापरत असलेलं इंजिन, साधनं आणि सामायिक कोड तुमचेच राहतील. ग्राहकाला त्यांचा वापरहक्क मिळेल, मालकी नाही. दोन, पैसे टप्प्याटप्प्याने, आणि टप्पा पोचता केल्यावर ठरलेल्या दिवसांत शेरा आला नाही तर तो मंजूर धरला जाईल. तीन, काम मध्येच थांबवलं तर चालू टप्प्याची पूर्ण रक्कम. तिसरं कलम नसलं की एका रद्द कामात दोन महिन्यांचे पगार जातात आणि तेवढ्याने लहान स्टुडिओ बंद पडतो.

२००९पर्यंत रोव्हिओ पन्नासच्या आसपास माणसांवरून बारा जणांवर आली होती. दिवाळखोरी दाराशी होती. पण त्याच सुमारास एक मोठी गोष्ट बदललेली होती. ॲपलचं ॲप स्टोअर जुलै २००८मध्ये उघडलं होतं. विक्रीचे ७० टक्के विकासकाला, पडदा एकच ४८०×३२०, आणि कुणाही फोन कंपनीच्या साहेबाला भेटायची गरज नाही. शेकडो प्रतींच्या जागी एक प्रत. पोर्टिंगमध्ये जाणारी सगळी मेहनत आता एका गेमला घासूनपुसून लख्ख करायला मोकळी झाली. माझ्या मते रोव्हिओच्या इतिहासातलं खरं वळण हे आहे. पक्षी आणि डुकरं त्याच्यानंतर येतात.

पक्षी आले ते चित्रातून. डिझायनर याक्को ईसालो याने २००९च्या सुरुवातीला बिनपायांच्या, वैतागलेल्या गोल पक्ष्यांचं एक चित्र दाखवलं. खेळायचं कसं हे त्यातून कळत नव्हतं, पण सगळ्यांना पक्षी आवडले. डुक्कर शत्रू म्हणून आलं, कारण तेव्हा स्वाइन फ्लूची चर्चा जगभर होती. दगड फेकून इमारत पाडायची कल्पना नवी नव्हती. त्याच वर्षी ‘क्रश द कॅसल’ हा फ्लॅश गेम येऊन गेला होता. रोव्हिओने भर घातली ती बोटाच्या पातळीवर. गलोल दिसली की ती ओढायची, हे कुणाला शिकवावं लागत नाही. मागच्या फेकीची ठिपक्यांची रेघ पडद्यावर तशीच राहते, त्यामुळे ‘आणखी थोडं वर’ हा अंदाज खेळणारा स्वतः बांधतो. उरलेल्या प्रत्येक पक्ष्याला १०,००० गुण आणि तीन तारे, म्हणजे पार केलेली लेव्हलही परत खेळायला कारण मिळतं. हरलात तर एका बटणात नवी सुरुवात, मध्ये थांबणं नाही.

आत भौतिकशास्त्र चालवत होतं ते बॉक्स२डी, एरिन कॅटो यांनी लिहिलेलं मुक्त-स्रोत इंजिन. परवाना तेव्हा झेडलिब प्रकारचा होता, त्यामुळे फुकट वापरायला पूर्ण मोकळीक होती आणि श्रेय देण्याची सक्ती नव्हती. २०११च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये कॅटो यांनी प्रेक्षकांतून उठून रोव्हिओच्या पीटर व्हेस्टरबाका यांना विचारलं की श्रेय देणार का. कायद्याने नव्हे, पण रीतीने ते आधीच द्यायला हवं होतं.

असा गेम तुम्ही करणार असाल तर नेमक्या चार जागी गडबड होते. पहिली, मापाची. बॉक्स२डी मीटरमध्ये विचार करतं आणि ०.१ ते १० मीटरच्या हलत्या वस्तूंसाठी जुळवलेलं आहे. नवखा माणूस १ पिक्सेल म्हणजे १ मीटर धरतो. बॉक्स२डीच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये एका पावलात, म्हणजे इंजिनने एकदा केलेल्या हिशोबात, कोणतीही वस्तू २ मीटरपेक्षा जास्त सरकू शकत नाही. सेकंदाला ६० पावलं म्हणजे कमाल वेग १२० मीटर, या मापात सेकंदाला १२० पिक्सेल. पक्षी पाण्यातून चालल्यासारखा तरंगतो आणि मग माणूस गुरुत्वाकर्षण वाढवत बसतो. इलाज सोपा: ३२ पिक्सेलला १ मीटर असं काहीतरी प्रमाण ठरवा आणि चित्र काढतानाच गुणा. दुसरी गडबड पावलाची. मागची फ्रेम (पडद्यावर उमटणारं एक चित्र) जितकी लांबली तितका वेळ इंजिनला दिलात तर मंद फोनवर मनोरा आपोआप ढासळतो. पाऊल कायम १/६० सेकंद ठेवा, जुन्या आवृत्त्यांत वेगाच्या हिशोबासाठी ८ आणि स्थानाच्या हिशोबासाठी ३ फेऱ्या द्या, उरलेला वेळ साठवून पुढच्या फ्रेमला वापरा. तिसरी वजनाची. हलक्या लाकडावर दहापटीहून जड दगड ठेवला की रचना थरथरते, म्हणून खरी घनता विसरा आणि डोळ्याला पटेल एवढाच फरक ठेवा. चौथी, वेगवान पक्षी पातळ फळीतून आरपार जातो. स्थिर वस्तूंशी टक्कर इंजिन आपणहून तपासतं, पण दोन्ही हलत्या असतील तर पक्ष्यावर ‘बुलेट’ची खूण लावावी लागते. ती सगळ्या वस्तूंवर लावू नका, फोन गरम होतो.

लेव्हल उघडताना सगळ्या वस्तू झोपवूनच (म्हणजे त्यांचा हिशोब थांबवूनच) ठेवाव्यात, धडक लागली की जाग येते. आणि एकाच कोनाची फेक दोन वेगळ्या फोनवर तंतोतंत सारखी पडेल यावर काहीही उभारू नका. दशांशांच्या आकडेमोडीत प्रोसेसर आणि कंपायलरनुसार (कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या साधनानुसार) शेवटचे अंक बदलतात, आणि कोसळत्या मनोऱ्यात तेवढा फरक पुरतो.

आयफोनवर अँग्री बर्ड्स आला ११ डिसेंबर २००९ला, ६३ लेव्हल घेऊन, प्रकाशक ब्रिटनची चिलिंगो. खर्च साधारण १ लाख युरो सांगितला जातो. तेव्हाच्या दराने सुमारे १ लाख ४५ हजार डॉलर. ९९ सेंटच्या विक्रीतून ॲपलचा वाटा जाऊन ६९ सेंट उरतात. म्हणजे प्रकाशकाचा हिस्सा धरायच्या आधीच, नुसता खर्च भरून काढायला २ लाख १० हजार प्रती विकायला हव्या. पहिल्या आठवड्यांत अमेरिका आणि ब्रिटनमध्ये गेम कुणाच्या नजरेलाही पडला नाही.

मग त्यांनी जे केलं ते मला या सगळ्या इतिहासात सर्वांत शहाणपणाचं वाटतं. ॲप स्टोअरची क्रमवारी देशागणिक वेगळी असते. फिनलंडमध्ये पहिल्या क्रमांकाला काही शे प्रती पुरल्या. मग स्वीडन, डेन्मार्क, पुढे ग्रीस, चेक प्रजासत्ताक. या लहान देशांतून मिळून तीस-चाळीस हजार प्रती गेल्या. खर्चाच्या मानाने ही रक्कम किरकोळ, पण आता हातात पुरावा होता. त्या जोरावर चिलिंगोने ॲपलला गळ घातली आणि ११ फेब्रुवारी २०१०ला ब्रिटनच्या स्टोअरच्या दर्शनी पानावर गेम लागला. त्या दिवसासाठी तयारी अशी होती: ४२ नव्या लेव्हल, नवा व्हिडिओ आणि एक फुकट छोटी आवृत्ती. सहाशेच्या आसपासवरून गेम पहिल्या क्रमांकावर गेला. एप्रिलमध्ये अमेरिकेतही तेच झालं.

दर्शनी पान ही संधी एकदाच येते आणि बहुतेक स्टुडिओ तिथे जुनाच गेम घेऊन पोचतात. आज लहान देशांत आधी गेम सोडण्याला सॉफ्ट लाँच म्हणतात, पण त्याचा वापर बहुधा फक्त चुका शोधायला होतो. रोव्हिओने तो वशिला लावायला वापरला.

अँड्रॉइडवर ऑक्टोबर २०१०मध्ये आले तेव्हा त्यांनी किंमत ठेवलीच नाही. अँड्रॉइड मार्केटात पैसे भरून घ्यायची सोय तेव्हा मोजक्याच देशांत होती, म्हणून गेम फुकट आणि मध्ये जाहिराती. पहिल्या दिवसात दहा लाखांवर प्रती उतरवल्या गेल्या. आणि लगेच जुनं दुखणं परत आलं: स्वस्त आणि जुन्या फोनवर गेम अडखळू लागला, महिन्याभरात कंपनीला चालत नसलेल्या फोनची यादी जाहीर करून हलक्या आवृत्तीचं आश्वासन द्यावं लागलं. जावाच्या दिवसांतलं पोर्टिंग वेष बदलून आलं होतं. भारतासाठी गेम करणाऱ्यांनी चाचणीचा फोन म्हणून सर्वांत आधी तीन वर्षं जुना, कमी मेमरीचा फोन घ्यावा, तो याचसाठी.

पुढचा भाग पैशांच्या बाबतीत मोठा आणि शिकण्याच्या बाबतीत कडू. मार्च २०११मध्ये ४.२ कोटी डॉलरची गुंतवणूक आली. रिओ, स्पेस, स्टार वॉर्स अशा आवृत्त्या आल्या, खेळणी आणि कपडे आले. २०१२च्या १५.२ कोटी युरो उलाढालीत ४५ टक्के वाटा अशा वस्तूंचा आणि परवान्यांचा होता. म्हणजे गेम कंपनीचा जवळजवळ निम्मा गल्ला दप्तरं आणि बाहुल्यांवर होता. त्याच वर्षी शेजारच्या हेलसिंकीतल्या सुपरसेलने ‘क्लॅश ऑफ क्लॅन्स’ काढला. गेम फुकट, आत खरेदी. सुपरसेलचे एक संस्थापक इल्का पानानेन, म्हणजे पूर्वी सुमेया चालवणारेच, ज्यांच्या कंपनीने रोव्हिओच्या पोरांचा पहिला गेम विकत घेतला होता.

रोव्हिओला हा बदल उशिरा आणि जड गेला. ९९ सेंटला पूर्ण गेम देण्याची सवय असलेल्या घराला ‘ऊर्जा संपली, थांबा किंवा पैसे भरा’ हे जमत नव्हतं. डिसेंबर २०१३च्या ‘अँग्री बर्ड्स गो’वर महाग गाड्या आणि ऊर्जेची अडवणूक यांवरून टीकेची झोड उठली. निव्वळ नफा २०१२मध्ये ५.५५ कोटी युरो होता, २०१३मध्ये २.६९ कोटी झाला. २०१४ला १३० पर्यंत आणि २०१५ला २६० पर्यंत नोकऱ्या कमी करण्याची घोषणा झाली. जुलै २०१५च्या ‘अँग्री बर्ड्स २’मध्ये अखेर जीव, हिरे आणि रोजची बक्षिसं गेमच्या रचनेतच विणली गेली, आणि हाच पुढे कंपनीचा मुख्य कमावता गेम ठरला.

पण फुकट गेमला गिऱ्हाईक विकत आणावं लागतं. समजा एक खेळाडू आणायला जाहिरातीत २ डॉलर लागतात आणि तो दहा महिन्यांत मिळून २.४० देतो. कागदावर २० टक्के नफा आहे, पण पैसे आज जातात आणि दहा महिन्यांनी येतात. जितकं वेगाने वाढाल तितकी आजची तिजोरी रिकामी. रोव्हिओ सप्टेंबर २०१७ला ११.५० युरोच्या भावाने शेअर बाजारात आली. त्याच वर्षी जाहिरातखर्चाने नफा खाल्ला आणि फेब्रुवारी २०१८मध्ये पुढच्या वर्षाचा अंदाज कमी दिल्यावर शेअर एका दिवसात जवळपास निम्मा झाला. लहान स्टुडिओने हे गणित उधारीच्या पैशावर करूच नये.

मूळ गेम २०१९मध्ये स्टोअरमधून काढला गेला होता. चाहत्यांनी लावून धरलं म्हणून मार्च २०२२मध्ये तो युनिटी या गेम इंजिनमध्ये नव्याने बांधून, एकदाच पैसे भरा, जाहिरात नाही, अशा जुन्या रूपात परत आणला. फेब्रुवारी २०२३मध्ये आपल्या इतर गेमांवर परिणाम होतो, असं कारण देऊन कंपनीने तो गुगल प्लेवरून काढला आणि आयफोनवर त्याचं नाव बदलून ‘रेड्स फर्स्ट फ्लाइट’ केलं. लोक दुकानात ‘अँग्री बर्ड्स’ शोधत आणि त्यांना तो ९९ सेंटचा आधी दिसे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जपानच्या सेगाने सुमारे ७०.६ कोटी युरोंना रोव्हिओ विकत घेतली. शेअरमागे ९.२५ युरो.